मेमरी कार्ड, स्पीड आणि आपला छोटा कॉम्प्युटर: सोलापुरात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

रविवार सकाळ झाली की आमच्या घरी जुळे सोलापुरात कोणीतरी हातात छोटा डबा घेऊन येतंच, कोणी विजापूर रोडवरनं, कोणी अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं, एखादा कॉलेजचा पोरगा असतो नाहीतर कोणाच्या तरी मागांच्या शेडमधला सुपरवायझर. तक्रार एकच, पाय लय स्लो झालाय, किंवा कालपर्यंत चालत होता आणि आज चालूच होईना. पाय म्हणजे रास्पबेरी पाय, एका छोट्या बोर्डावर बसवलेला कॉम्प्युटर, ज्याची सगळी सिस्टीम बहुतेक वेळा मेमरी कार्डावरच असते; सगळेच नुसतं पाय म्हणतात म्हणून मीही तसंच लिहितो. बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो, दुखणं मेमरी कार्डात असतं नाहीतर कार्डाला त्रास देणाऱ्या दुसऱ्या कशात तरी. तीच उत्तरं किती वेळा देणार, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

कार्डावर १०० एमबी पर सेकंद छापलंय, तरी माझा पाय एवढा हळू का चालतोय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच निम्मी गोष्ट आहे, त्यामुळे जरा निवांत वाचा.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो एक मोठी फाइल सलग वाचायचा स्पीड असतो. म्हणजे एमआयडीसीतनं चादरींचे गठ्ठे टेम्पोत भरले आणि थेट नवी पेठेत नेऊन उतरवले, एकच फेरी, एकच पत्ता. आता तोच टेम्पो घ्या आणि पाचशे घरी एकेक चादर पोचवा म्हणून सांगा, टेम्पो तोच, ड्रायव्हर तोच, पण दिवस संपतो की नाही बघा. कॉम्प्युटर चालू होताना, ब्राउझर उघडताना, डेटाबेस चालवताना कार्डाला हीच पाचशे घरं फिरावी लागतात. चार किलोबाइट इथनं वाच, चार तिथनं वाच, मग दोन ओळी कुठंतरी तिसरीकडं लिही. याला रँडम रीड आणि रँडम राइट म्हणतात आणि यात भल्याभल्या कार्डांचा दम निघतो. वर १०० लिहिलेलं कार्ड छोट्या छोट्या रँडम रायटिंगला सेकंदाला दोन-तीन एमबीवर आलेलं मी स्वतः बघितलंय, आणि ते काही खराब कार्ड नव्हतं.

असं का होतंय तर आत नँड फ्लॅश असतं, म्हणजे करंट नसतानाही माहिती धरून ठेवणारी चिप. त्याच्यात लिहायचा तुकडा, म्हणजे पेज, काही किलोबाइटचा असतो, पण पुसायचं म्हटलं की अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो आणि ब्लॉक कित्येक पेजचा मिळून बनतो, आजकालच्या कार्डांत तो काही एमबीपर्यंत जातो. लिहिलेल्या जागेवर पुन्हा थेट लिहिता येत नाही. म्हणजे चादरीतला एक धागा बदलायचा म्हणून पूर्ण चादर उसवून पुन्हा विणायची, तसला प्रकार आहे हा. कार्डातला छोटा कंट्रोलर हे टाळायला खूप हुशारी करतो, नवीन माहिती दुसऱ्याच मोकळ्या जागी लिहितो, कुठं काय ठेवलंय त्याचा तक्ता ठेवतो, सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून फिरवत राहतो. पण तो कंट्रोलर नखाएवढ्या कार्डात बसवलेला असतो, एसएसडीतल्यासारखा (एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी लावायची फ्लॅशचीच डिस्क) मोठा नसतो, त्यामुळे त्याच्या हुशारीला मर्यादा आहे.

क्लास १०, यू१, यू३, व्ही३०, ए१, ए२, एवढ्या खुणा आहेत, त्यातली कुठली बघायची?

ए वाली. बाकीच्या खुणा मुळात कॅमेऱ्यासाठी आहेत.

एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता म्हणजे आत्ताची पॅनासॉनिक यांनी मिळून आणलं आणि पुढं बरीच वर्षं त्याचं मुख्य गिऱ्हाईक कॅमेरा हेच होतं. कॅमेऱ्याला काय पाहिजे असतं, व्हिडिओ शूट करताना मधेच अडकू नये एवढंच. म्हणून क्लास १० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला कमीत कमी १० एमबी, यू१ म्हणजे पण १०, यू३ म्हणजे ३०, व्ही३० म्हणजे पण ३०, व्ही९० म्हणजे ९०. हे सगळे सलग रायटिंगचे आकडे, टेम्पोची एकच फेरी.

नंतर फोनमध्ये अ‍ॅप कार्डावर टाकायची सोय आली आणि तिथं हे आकडे काही कामाला येईनात. तेव्हा एसडी असोसिएशनने, म्हणजे कार्डांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २०१६ मध्ये ए१ काढलं. ए१ ची अट अशी की सेकंदाला कमीत कमी १५०० रँडम रीड आणि ५०० रँडम राइट झाले पाहिजेत, तेही चार-चार किलोबाइटचे, आणि सलग रायटिंग १० एमबी टिकून राहिलं पाहिजे. ५०० गुणिले ४ किलोबाइट म्हणजे साधारण २ एमबी होतात. बघा, मघाशी मी दोन-तीन एमबी म्हटलं ते कुठनं आलं. ऐकायला कमी वाटतंय पण ही खात्रीची किमान पातळी आहे, ए१ नसलेल्या कार्डाला ती खात्रीसुद्धा नसते, आणि जुन्या क्लास ४ च्या कार्डावर डेस्कटॉप उघडायला लावला की चहा करून आणून पिऊन झाला तरी मेनू आलेला नसतो.

मग सरळ ए२ घेतो की, जास्त चांगलं असेल ना?

तुमच्याकडं कुठला बोर्ड आहे त्यावर आहे ते. ए२ ची अट ४००० रीड आणि २००० राइटची आहे, पण ती गाठायला कार्डाला यजमान बोर्डाची मदत लागते. बोर्डाने एकावेळी बऱ्याच कमांड रांगेत द्यायच्या, याला कमांड क्यू म्हणतात, आणि कार्डाची कॅश, म्हणजे आतली तात्पुरती जागा, कशी वापरायची ते सॉफ्टवेअरला कळलं पाहिजे. पाय ३ किंवा पाय ४ वर ए२ कार्ड चालतं, पण ते जादाचे आकडे तिथं मिळत नाहीत, ए१ एवढंच काम करतं, आणि काही ए२ कार्डं तर अशा बोर्डावर चांगल्या ए१ पेक्षा मागं पडतात. पाय ५ साठी मात्र २०२४ मध्ये कमांड क्यूचा सपोर्ट आला, त्यामुळे पाय ५ असेल आणि सिस्टीम अपडेट ठेवली असेल तर ए२ ला पैसे घाला. जुन्या बोर्डाला चांगल्या कंपनीचं, खऱ्या दुकानातनं घेतलेलं ए१ पुरेसं आहे, उरलेल्या पैशात चांगला अडॅप्टर घ्या, त्याचं पुढं सांगतो.

माझा पाय जास्तीत जास्त किती स्पीड घेऊ शकतो?

पाय ३ पर्यंतचे सगळे आणि झिरो २ डब्ल्यू हा छोटा पाय, यांचा कार्डाचा स्लॉट ५० मेगाहर्ट्झवर चार वायरींनी चालतो, म्हणजे गणिताने २५ एमबी, हातात पडतात २२ च्या आसपास. यात १६० एमबी लिहिलेलं कार्ड घाला नाहीतर ४० एमबीचं, सलग वाचायला दोन्ही २२ च. पाय ४ मध्ये तेवढ्याच घड्याळावर डबल माहिती जाते, गणिताने ५०, प्रत्यक्षात ४० च्या वर मिळतात. पाय ५ मध्ये एसडीआर१०४ मोड आहे, नावाप्रमाणे १०४ एमबी, प्रत्यक्षात चांगल्या कार्डाला ८०-९० पर्यंत मिळतात.

आणि एक, कार्डावर १७०-१९० असले आकडे दिसले तर समजून घ्या की या जातीच्या, म्हणजे यूएचएस १ कार्डाची स्टँडर्डप्रमाणे हद्द १०४ च आहे, त्याच्या वरचं सगळं कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळतं. मागच्या बाजूला पिनांच्या दोन ओळी असलेली महागडी यूएचएस २ कार्डं तर पायसाठी अजिबात घेऊ नका, दुसऱ्या ओळीला जोडायला पायच्या स्लॉटमध्ये पिनाच नाहीत.

ऑनलाइन १२८ जीबीचं कार्ड अगदी स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

थांबा. आधी ही गोष्ट वाचा.

गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक पोरगी आली, प्रोजेक्टसाठी पायला कॅमेरा लावून हुतात्मा बागेजवळच्या चौकातली गर्दी मोजायचा तिचा बेत होता. १२८ जीबीचं कार्ड, ऑनलाइन घेतलेलं, पॅकिंग एकदम झकास. पहिले दोन दिवसांचे व्हिडिओ व्यवस्थित, तिसऱ्या दिवसापासनं फाइलचं नाव दिसतंय, साइज दिसतोय, पण उघडली की काहीच नाही. तिला वाटलं आपला कोडच चुकला, दोन रात्री जागून तिने कोड उलटसुलट केला. मी कार्ड लिनक्सवर एफ३ नावाच्या फुकट टूलने तपासायला लावलं. हे टूल पूर्ण कार्ड खुणेच्या फाइलींनी भरतं आणि मग एकेक परत वाचून ताळा करतं. १० एमबीच्या स्पीडने १२८ जीबी भरायला साडेतीन तास लागतात, नुसतं लिहायलाच, म्हणून आम्ही रात्री लावून ठेवलं. सकाळी निकाल आला, खरी जागा आठ जीबीच्या पण आतच. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं होतं, मी १२८ चा आहे म्हणून सांग, आणि आठच्या पुढचं जे येईल ते घे आणि टाकून दे. त्या पोरीच्या दोन रात्रींचा मला खरंच राग आला होता, विकणाऱ्याला असं करताना काहीच वाटत नाही का.

म्हणून नियम ठेवा, नवीन कार्ड आणलं की वापरायच्या आधी तपासायचं. लिनक्सवर एफ३, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत तपासायचं, नंतर नाही.

३२ चं कार्ड २९.८ दाखवतंय, ते पण डुप्लिकेट का?

नाही हो, ते बरोबर आहे. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. ३२ चे २९.८ होतात, ६४ चे ५९.६. एवढाच फरक असेल तर निश्चिंत राहा.

स्पीड घरच्या घरी मोजायचा कसा?

सगळ्यात सोपं म्हणजे रास्पबेरी पाय ओएसचं स्वतःचं डायग्नॉस्टिक्स टूल. नसेल तर टाकून घ्या, मेनूत अ‍ॅक्सेसरीजमध्ये दिसतं. ते कार्डाला ए१ च्या अटीवरच तपासतं, १० एमबी सलग राइट, ५०० रँडम राइट, १५०० रँडम रीड, आणि पास का फेल सांगतं. एकदा फेल आलं तर घाबरू नका, मागं अपडेट चालू असेल, ब्राउझर उघडा असेल, सगळं बंद करून दोन-तीनदा लावा.

डीडी या लिनक्सच्या कॉपी करायच्या कमांडने मोजणारे बरेच जण फसतात. ते म्हणतात माझं कार्ड ३०० एमबीने लिहितंय! अहो ती रॅम आहे. लिनक्स आधी रॅममध्ये घेतो आणि झालं म्हणून सांगतो, कार्डावर सावकाश उतरवतो. डीडीला डायरेक्टचा फ्लॅग लावा किंवा शेवटी सिंक करायला लावा, मग खरा आकडा येईल. रँडमसाठी एफआयओ टूल वापरा, चार किलोबाइटचा ब्लॉक, रँडम राइट, एखादा मिनिट तरी चालू द्या, कारण बऱ्याच कार्डांत थोडी वेगवान जागा राखीव असते, ती भरेपर्यंत आकडा छान येतो आणि मग एकदम खाली बसतो. तो बसलेला आकडाच तुमच्या रोजच्या वापराचा.

लाइट गेली की कार्ड खरंच जातं का, का उगाच भीती घालतात?

जातं, नेहमी नाही, पण जातं. आणि आपल्याकडं लाइट कशी येते-जाते ते मी सोलापूरकरांना काय सांगू, त्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळी दोन-तीन झटके ठरलेले.

बऱ्याच जणांना वाटतं की जी फाइल लिहिणं चालू होतं तेवढीच खराब होईल. फाइल सिस्टीमच्या पातळीवर ते बऱ्यापैकी खरं आहे, पायवरच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये जर्नल असतं, म्हणजे करायच्या बदलांची आधी केलेली नोंद, त्यावरनं अर्धवट राहिलेलं काम ती पुढच्या वेळी सावरून घेते. पण कार्डाच्या आतला कंट्रोलर त्याच वेळी स्वतःची आवराआवर करत असू शकतो, जुने ब्लॉक हलवत असतो, जागांचा तक्ता नव्याने लिहीत असतो, आणि ते लिनक्सला दिसतच नाही. त्यातनं एका सेलमध्ये दोन-तीन बिट कोंबलेल्या फ्लॅशमध्ये नवीन लिहिताना करंट गेला तर त्याच सेलमध्ये आधीपासनं सुखाने बसलेली जुनी माहितीपण बिघडू शकते. म्हणूनच असं होतं की तुम्ही हातही न लावलेली सिस्टीमची फाइल सकाळी गायब, आणि पाय बूटच होत नाही.

उपाय सांगतो. एक तर शटडाउन करूनच बंद करा, स्विच ओढायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, आमच्या आईला पण मी शिकवलंय. दुसरं, राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या, पण त्यातनं ५ व्होल्टचा आउटपुट तुमच्या बोर्डाला पुरेल एवढा अँपिअर देतो का ते बघूनच घ्या. नुसता घरचा इन्व्हर्टर असेल तर लाइटवरनं बॅटरीवर जाताना जो झटका बसतो त्यात काही अडॅप्टर सांभाळतात, काही नाही, तुमचा सांभाळतो का ते मेन स्विच पाडून एकदा बघून घ्या, अर्थात रिकामं कार्ड घालून.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. ज्या पायवर काही साठवायचंच नाहीये, नुसती स्क्रीनवर माहिती दाखवतोय, गाणी वाजवतोय, त्याला रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या टूलमध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये जाऊन ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग सगळं लिहिणं रॅममध्ये होतं, कार्डाला कोणी हात लावत नाही, दहा वेळा लाइट जाऊ द्या. फक्त सेटिंग बदलायचं किंवा अपडेट करायचं असेल तेव्हा आधी ते बंद करायचं, नाहीतर रीबूट केलं की तुमचं केलेलं सगळं पुसलं जातं.

मागाचे पिक मोजायला पाय लावलाय, दर चार-पाच महिन्यांनी कार्ड मरतं, काय करू?

हा प्रश्न माझ्या काकांचा आहे, त्यामुळे याच्यात मी खोल गेलोय.

काकांच्या शेडमध्ये चार माग आहेत, चादरीचे. प्रत्येकाच्या शाफ्टजवळ एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे जवळनं काही गेलं की कळवणारा, एक फेरा झाला की एक पिक, म्हणजे विणताना टाकलेला एक आडवा धागा, पाय ते मोजतो आणि संध्याकाळी कुठल्या मागावर किती काम झालं, कुठला किती वेळ बंद होता ते फोनवर दाखवतो. डबा उघडला तर आत सुताची बारीक धूळ एवढी साठलेली की बोर्डाचा हिरवा रंग दिसेना, दिव्याच्या उजेडाची टिकली तेवढी त्या धुळीतनं लुकलुकत होती. पहिल्यांदा मलाही वाटलं धुळीमुळे आणि हादऱ्यामुळे होतंय. डबा साफ केला, खाली रबर घातला, तीन महिन्यांनी कार्ड पुन्हा गेलं.

मग मी प्रोग्रॅम वाचायला घेतला. ज्याने लिहिला होता त्याने प्रत्येक पिकला एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये एक एंट्री करायची आणि तिथल्या तिथं कमिट, म्हणजे कार्डावर पक्की करायची असं ठेवलं होतं. आता हिशोब करा. मिनिटाला समजा १३० पिक, बारा तासांची पाळी, म्हणजे एका मागाचे ९३,६०० कमिट, चार मागांचे पावणेचार लाख, रोज. एंट्री असते जेमतेम चाळीस बाइटची, म्हणजे खरी माहिती दिवसाला १५ एमबी. पण कार्डावर चार किलोबाइटच्या खाली काही लिहिलंच जात नाही, म्हणजे तिथंच दीड जीबी झाले, आणि एसक्यूलाइट एका कमिटसाठी आधी जर्नल फाइल बनवतो, ती लिहितो, मग खरी फाइल लिहितो, मग जर्नल उडवतो, त्याच्यावर ईएक्सटी४ चं स्वतःचं जर्नल वेगळं, आणि त्याच्यावर कार्डाच्या आतली ब्लॉकची उसवाउसव वेगळी. पंधरा एमबीसाठी कार्डाच्या पोटात कित्येक जीबी घासले जात होते, दिवसेंदिवस.

बदल काय केला तर पिक रॅममध्ये मोजायचे आणि मिनिटातनं एकदा चारही मागांचा आकडा एकाच एंट्रीत लिहायचा. बारा तासांत ७२० कमिट. पावणेचार लाखाचे सातशे वीस. लाइट गेलीच तर जास्तीत जास्त एका मिनिटाचे पिक बुडतात, काका म्हणाले तेवढं चालतंय की. वर डेटाबेसचा वॉल (WAL) मोड चालू केला, म्हणजे बदल आधी एका वेगळ्या फाइलीत ओळीने लिहिले जातात, त्यात कमिट आणखी हलकं होतं. तसलंच कार्ड, तीच धूळ, तोच हादरा, आता दुसरं वर्ष चालू आहे.

म्हणून माझं सांगणं आहे की कार्ड बदलायच्या आधी आपला प्रोग्रॅम कार्डाला किती वेळा हाक मारतोय ते बघा. तापमान मोजणारे, पाण्याच्या टाकीची पातळी बघणारे, नळाला पाणी कधी आलं त्याची नोंद ठेवणारे, सगळ्यांनाच हे लागू आहे. टाकीची पातळी सेकंदाला लिहून काय करायचंय, पाणी तर काही दिवसांआड येतंय.

सिस्टीमच्या बाजूने लिहिणं कमी करायला काय करता येईल?

लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींच्या फाइली, रॅममध्ये ठेवा, लॉग२रॅम नावाचं टूल आहे, ते ठरावीक वेळाने एकदाच कार्डावर उतरवतं. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जादा जागा, कार्डावर असेल तर तो बंद करा नाहीतर झेडरॅम वापरा, तो रॅममध्येच दाबून बसवतो. १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या बोर्डावर ब्राउझर चालवणाऱ्यांचं कार्ड बऱ्याचदा या स्वॅपनेच थकतं. नोएटाइम हे सेटिंग चालू आहे ना ते बघा, नाहीतर फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहायला कार्डाला अधूनमधून उठावं लागतं. आणि कार्ड गच्च भरू नका, मोकळी जागा असली की कंट्रोलरला ब्लॉक फिरवायला हात मोकळा मिळतो. सिस्टीम आठ जीबीत बसत असली तरी मी ३२ च घेतो ते त्यासाठीच.

फाइल डिलीट केली, रीबूट केलं, तर फाइल परत आली! हे काय?

कार्डाने राम म्हटलाय. बरीच कार्डं शेवटाला आली की स्वतःला नुसतं वाचण्यापुरतं करून घेतात, लिहिलेलं वरवर स्वीकारतात आणि आत काही बदलतच नाही. फॉरमॅट केलं तरी जुनं सगळं तसंच दिसतं. खरं तर हे बरं आहे, कारण तुमची माहिती अजून वाचता येते. लगेच दुसऱ्या कार्डावर किंवा कॉम्प्युटरवर काढून घ्या आणि ते कार्ड बाजूला ठेवा. फॉरमॅटच्या सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका, ते परत येत नाही.

दोन नवीन कार्डं बदलली तरी तेच, आता?

अडॅप्टर बघा, आणि केबल बघा. जुना मोबाइलचा चार्जर आणि हातभर लांब पातळ केबल, ही जोडी मी इतक्या वेळा बघितलीये. पाय ३ ला ५ व्होल्ट २.५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ३, पाय ५ ला ५. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास खाली गेलं की स्क्रीनवर पिवळी वीज दिसते, स्क्रीन नसेल तर vcgencmd get_throttled ही कमांड द्या, नुसतं शून्य (0x0) आलं तर ठीक, काहीही दुसरं आलं तर बूट झाल्यापासनं कधीतरी व्होल्टेज पडलंय नाहीतर बोर्ड तापलाय. कमी व्होल्टेजमध्ये कार्डावर लिहिणं म्हणजे दर दोन मिनिटाला अर्धी लाइट गेल्यासारखं आहे.

हाय एन्ड्युरन्स लिहिलेली कार्डं घ्यावीत का?

चोवीस तास लिहिणारं काम असेल, सीसीटीव्हीसारखं, तर हो. ती गाडीतल्या कॅमेऱ्यासाठी आणि सीसीटीव्हीसाठीच बनवलेली असतात, जास्त वेळा घासली तरी टिकतात. पण ती वेगवान असतीलच असं नाही, बऱ्याचवर ए१ ची खूण नसते. टिकणं वेगळं, पळणं वेगळं.

आपल्या उन्हाळ्यात कार्ड टिकतं का?

टिकतं. बऱ्याच कार्डांची चालायची हद्द ८५ अंशापर्यंत असते, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४४ असलं तरी तिथपर्यंत जात नाही. पण पत्र्याच्या शेडखाली बंद प्लास्टिकचा डबा आणि त्यात ८० अंशावर गेलेला प्रोसेसर, तिथं बोर्ड स्वतःच स्पीड कमी करतो आणि तुम्ही कार्डाला दोष देता. डब्याला भोकं पाडा, हीटसिंक लावा. आणि बॅकअपची कार्डं पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका, फ्लॅशमधली माहिती म्हणजे साठवलेला चार्जच असतो, उकाड्यात तो लवकर गळतो.

एसएसडी लावला तर फरक पडेल का?

पाय ४ आणि ५ ला प्रचंड. निळ्या यूएसबी ३ पोर्टला साधा साटा (SATA) एसएसडी लावला तरी सलग स्पीड कार्डाच्या कित्येक पट, आणि रँडमला तर तुलनाच नाही, डेस्कटॉप एकदम ताजातवाना वाटतो. पाय ५ ला पीसीआयई या वेगवान जोडणीची एक लेनपण आहे, एम.२ हॅट नावाचा जोड-बोर्ड लावून एनव्हीएमई, म्हणजे आणखी वेगवान एसएसडी, जोडता येतो, गणिताने ५०० एमबीपर्यंत. पाय ३ ला मात्र यूएसबी २ च आहे, तिथं सलग स्पीड ३०-३५ च्या पुढं जात नाही, तरी डेटाबेसचं काम असेल तर रँडममुळे आणि टिकण्यामुळे एसएसडी परवडतो. दोन गोष्टी सांभाळा: साटा ते यूएसबीची स्वस्त केबल काही वेळा बोर्डाशी जुळत नाही, मधेच डिस्क तुटते, म्हणून आधी कोणाची चाललेली असेल तीच घ्या, आणि एसएसडी करंट खातो, अडॅप्टर कमी पडायला नको.

ज्यांचं काम एकदा बूट होऊन नुसतं चालत राहायचं आहे त्यांनी एसएसडीवर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

ईएसपी३२ ला कार्ड मॉड्यूल जोडलंय, ते पण स्लो आहे.

ईएसपी३२ म्हणजे पायपेक्षा साधी, वायफायची छोटी कंट्रोलर चिप. मॉड्यूल बहुतेक एसपीआय या पद्धतीने जोडलेलं असतं, माहिती एकाच वायरीने जाते. बोर्डावर पिना मोकळ्या असतील तर चार वायरींचा एसडीएमएमसी मोड वापरा. आणि प्रत्येक ओळीला फाइल उघडायची-बंद करायची नाही, ५१२ बाइटचा बफर भरू द्या, मग एकदम लिहा.

बॅकअप कसा ठेवू? सगळं परत बसवायला माझे दोन दिवस जातात.

डेस्कटॉपवर एसडी कार्ड कॉपिअर आहे, यूएसबी रीडरमध्ये दुसरं कार्ड घालायचं आणि कॉपी करायचं, पाय चालू असतानाच होतं, पण तेवढा वेळ डेटाबेस लिहिणारा प्रोग्रॅम बंद ठेवा. दुसरं कार्ड थोडं लहान असलं तरी माहिती बसत असेल तर चालतं. कॉपी झाली की ते कार्ड घालून एकदा बूट करून बघायचंच, न तपासलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवत नाही.

काकांच्या शेडमध्ये असं एक कार्ड डब्याच्या झाकणाला आतनं टेपने चिकटवलंय, वर मार्करने तारीख. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत शेड बंद असते तेव्हा मी जाऊन नवीन कॉपी करतो आणि तारीख बदलतो. मधे कधी काही झालं तर पाळीवरच्या माणसाला फोनवर एवढंच सांगायचं, पायची पिन काढ, झाकणाचं कार्ड आत घाल, पिन परत लाव.